कारखान्यातलं ट्रेनिंग ॲपवर न्यायचं ठरतंय : काय ऑनलाइन जावं आणि काय मशीनपाशीच राहावं?

शॉपफ्लोअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ट्रेनिंग बघतो. पॅकिंग लाइन, तीन पाळ्या, कायम कामगारांपेक्षा कंत्राटी जास्त. वरून ठरून आलंय की नव्या आर्थिक वर्षापासून इंडक्शन, सेफ्टी, क्वालिटी सगळं मोबाईल ॲपवर न्यायचं आणि ट्रेनिंग रूमची जागा स्टोअरला द्यायची. मीटिंगमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं : "लोक लोकलमध्ये मोबाईलच बघत असतात, त्यात होऊन जाईल."

माझा ऑनलाइनला विरोध नाही. उलट मला ते हवंय. कंत्राटदाराकडून सतत नवी माणसं येतात आणि दर बॅचला तेच दोन तास, तीच पीपीटी. रात्रपाळी सुटलेल्या माणसाला सकाळी सात वाजता वर्गात बसवलं की तो डोळे उघडे ठेवायची धडपड करत असतो, त्याच्या डोक्यात काय शिरणार? कंपनीची माहिती, पीपीईचे (हेल्मेट, हातमोजे अशा संरक्षक साधनांचे) प्रकार, हात धुण्याची आणि हेअरनेटची शिस्त, लेबलवर काय काय तपासायचं, हे सगळं दहा-दहा मिनिटांच्या मराठी आणि हिंदी व्हिडिओंवर छान जाईल. कळलं नाही तर माणूस मागे नेऊन पुन्हा बघेल. वर्गात "सर, परत सांगा" म्हणायला नवा मुलगा धजत नाही.

पण मशीनचं काय? अडकलेला माल काढण्याआधी आमच्याकडे मशीन कुलूपबंद करायची पद्धत आहे. सगळे लोटो म्हणतात. मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली, स्वतःचं कुलूप, टॅग, हवेची लाइन बंद करून साठलेली हवा सोडणं, आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय ना ते बघणं. ॲपची चाचणी काही ऑपरेटरवर घेतली. एका मुलाला त्यात पैकीच्या पैकी मार्क. मी त्याला लाइनवर नेलं आणि म्हटलं, आता करून दाखव. त्याने आयसोलेटर खाली केला, कुलूप लावलं, टॅगवर नाव-वेळ लिहिली आणि गार्ड उघडून सरळ हात आत घालायला निघाला. हवेची लाइन चालू, सिलिंडरमधला दाब तसाच, पाकीट चिकटवणारा सीलिंगचा जॉ (जबडा) तापलेला. मी तिथेच थांबवलं. ॲपवर त्याने सगळ्या पायऱ्या बरोबर क्रमाने लावल्या होत्या. या मशीनचा हवेचा व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आहे, हे मात्र त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. व्हॉल्व्ह दिसला नाही म्हणून ती पायरीच गळाली, आणि घाईत शेवटची खात्रीही राहिली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ऑनलाइन भाग पाळीच्या वेळेत, लाइनजवळ ठेवलेल्या टॅबवर व्हावा आणि ती वेळ पगारी धरावी. हाताचं काम असेल तिथे पास-नापास मशीनपाशीच ठरावं, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत. आमचा एक ऑपरेटर डोंबिवलीहून घाटकोपरला उतरतो आणि तिथून मेट्रोने चकाल्याला येतो. सकाळच्या गाडीत त्याचा एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्यात डबा. त्याने तिथे सेफ्टीचा धडा बघावा, हे मला मान्य नाही.

तुमच्या ऑफिसात, हॉस्पिटलात, कारखान्यात हे कसं झालं? काय टिकलं, काय बुडालं? मला व्यवस्थापनासमोर नीट मांडायचंय.

---

विरारफास्ट

लोकलमध्ये शिकता येत नाही, हे सरसकट पटलं नाही. मी विरारहून बीकेसीला येते, बँकेच्या बॅक ऑफिसात आहे. एक्सेलचं पिव्होट टेबल, फॉर्म्युले, सगळं मी गाडीतच शिकले. रेंजचा भरवसा नसतो, म्हणून व्हिडिओ रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचे. बसायला जागा मिळाली की वांद्र्यापर्यंत कुणी हाक मारत नाही. घरात एवढा वेळ मला कुणी देत नाही.

पण ते मी माझ्यासाठी केलं. ऑफिसची सक्तीची मॉड्यूल्स ही वेगळीच गोष्ट आहे. माहिती सुरक्षा, केवायसी, लैंगिक छळ प्रतिबंध, दरवर्षी तीच. आवाज म्यूट, पुढे-पुढे-पुढे, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर फिरतात. मार्च संपता संपता डॅशबोर्ड शंभर टक्के हिरवा. विचारलं तर छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण कोण आहे हे निम्म्या मुलींना सांगता येत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये मालकाने ठरावीक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत असं आहे. एका वर्षी मॉड्यूलनंतर समितीतल्या एक बाई येऊन आमच्या मजल्यावर तासभर बसल्या. गोल खुर्च्या, प्रोजेक्टर नाही. "टीम डिनरला असं झालं तर काय करायचं", "तक्रार केली आणि बदली झाली तर", असे प्रश्न त्या तासात निघाले. मॉड्यूल आधी बघितलं होतं म्हणून प्राथमिक गोष्टींत वेळ गेला नाही. मिश्र पद्धत म्हणतात ती, थोडं ऑनलाइन आणि थोडं समोरासमोर, मला त्या दिवशी कळली.

---

कांदिवली_पूर्व

विरारफास्ट यांना +१. शेवटची उत्तरं ग्रुपवर फिरणं सगळीकडे आहे.

---

शॉपफ्लोअर

विरारफास्ट ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. स्वतःच्या प्रगतीसाठी कुणी गाडीत शिकत असेल तर त्याला साहित्य उतरवून घेता आलंच पाहिजे, हे माझ्या मागण्यांत घालतो. माझी हरकत सक्तीचं शिक्षण गाडीत ढकलण्याला आहे. कंपनीला जे आलंच पाहिजे असं वाटतं, त्याची वेळ कंपनीने द्यावी.

---

परळची_सिस्टर

मी नर्सिंगमध्ये आहे, वॉर्ड सांभाळून नव्या मुलींचं ट्रेनिंगही बघते. आमच्याकडे मिश्र पद्धत आली तेव्हा सगळ्यात मोठा फायदा नाइट ड्युटीच्या मुलींना झाला. पूर्वी लेक्चर दुपारी दोनला. रात्रभर जागून घरी बदलापूरला जायचं की थांबायचं? थांबायच्या, आणि मागच्या बाकावर झोपायच्या. आता थिअरी ड्युटी रोस्टरमध्येच बसवलेल्या वेळात होते. रोस्टरमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे वॉर्ड इनचार्ज "नंतर कर" म्हणू शकत नाही. शॉपफ्लोअर, हे रोस्टरचं आधी पदरात पाडून घ्या. "पाळीच्या वेळेत" एवढंच लिहिलंत तर कामाच्या गर्दीत पहिला बळी ट्रेनिंगचा जातो. कोणत्या वाराला, कोणत्या वेळेला, त्या वेळी लाइनवर बदली माणूस कोण, इतकं लिहून घ्या.

आता सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देण्याचं सांगते. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली, ३० दाबांमागे २ श्वास. हे आकडे स्क्रीनवर शिकता येतात, पाठही होतात. पण पुतळ्यावर पहिल्यांदा दाबताना मुली हमखास हलक्या हाताने दाबतात. माणसाला दुखेल, ही भीती पुतळ्यावरही वाटते. दुसरी गोष्ट, दोन दाबांच्या मधे छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत, हाताचं वजन तसंच टाकून ठेवतात. ते स्वतःला कळत नाही, शेजारी उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मिश्र कोर्सची रचनाही अशीच आहे : आधी ऑनलाइन भाग, मग प्रत्यक्ष पुतळ्यावर कौशल्याची परीक्षा. ती दिल्याशिवाय कार्ड मिळत नाही.

थिअरी आधी उरकल्यामुळे पुतळ्यावरचा वेळ आम्हाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. तुमच्या वरिष्ठांना हे सांगा. वाचलेला वेळ ट्रेनरकडून काढून घेऊ नका, तो मशीनपाशी लावा.

---

मन_आणि_मेंदू

चांगला धागा. संशोधनाच्या बाजूने थोडं लिहितो, मीटिंगमध्ये उपयोग होईल.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये ऑनलाइन शिक्षणावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा काढला होता. त्यातले बहुतेक शिकणारे कॉलेजातले किंवा नोकरदार, शाळकरी मुलं कमी. निव्वळ वर्गापेक्षा मिश्र पद्धतीचा निकाल चांगला आला. पण त्याच अहवालात लिहिलंय की मिश्र गटांना बऱ्याचदा शिकायला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाचं आहे असं म्हणता येत नाही. तुमचे वरिष्ठ नेमकं उलटं करतायत. माध्यम आणतायत आणि वेळ कापतायत. मग तो निकाल मिळेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर?

दुसरं, प्रश्नमंजूषेबद्दल. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. व्हिडिओ संपल्या संपल्या घेतलेली चाचणी ही त्या पाच मिनिटांच्या परीक्षेसारखी आहे, तिच्यावरून माणूस शिकला असं समजू नये. हेच तीन-चार प्रश्न आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा येऊ द्या. ॲपचा खरा उपयोग इथे आहे, कारण वर्ग भरवून हे करणं कुणालाच परवडत नाही.

आणि डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या, ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या चार पातळ्या एचआरवाल्यांना माहीत असतात : आवडलं का, शिकला का, कामात वागणं बदललं का, आणि धंद्यावर परिणाम दिसला का. तुमचा लोटोचा किस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीतलं अंतर दाखवतो. तो किस्सा मीटिंगमध्ये जरूर सांगा, मुलाचं नाव न घेता.

---

मूडलमित्र

तांत्रिक बाजू मी सांगतो, कारण प्रकल्प बहुतेक वेळा इथेच अडकतात.

महागडं ॲप घ्यायच्या आधी मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर बघा. २००२ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस मात्र लागतो, तो खर्च धरा. मराठी इंटरफेस मिळतो. मोबाईल ॲपमध्ये धडे उतरवून ऑफलाइन बघता येतात. बाहेरून धडे बनवून घेणार असाल तर करारात लिहून घ्या की ते स्कॉर्म पॅकेजमध्ये (वेगवेगळ्या ट्रेनिंग सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ठरीव स्वरूपात) द्यायचे आणि मूळ फाइल्सही द्यायच्या. नाहीतर उद्या व्हेंडर बदललात की सगळं त्याच्याकडे राहतं, आणि एका लेबलचा फॉरमॅट बदलला तरी त्याच्या दारात जावं लागतं.

आता लॉगिन. हे वाचून हसू नका, माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त ट्रेनिंग इथेच मेलंय. ऑफिसवाल्यांच्या डोक्यात ईमेल असतो. लाइनवरच्या माणसाकडे कंपनीचा ईमेल नसतो, ओटीपी मागावा तर रिचार्ज संपलेला असतो किंवा सिम बदललेलं असतं, फोन घरात दोघांत एक असतो. त्यामुळे टोकन नंबर आणि चार आकडी पिन ठेवा. लाइनजवळचा टॅब सगळ्यांचा, म्हणून काम झालं की आपोआप लॉगआउट. हातमोजे घालून टॅब चालत नाही आणि तुमच्याकडे वारंवार मोजे काढणं चालणार नाही, तेव्हा टॅबची जागा लाइनच्या बाहेर, हात धुण्याच्या बेसिनच्या अलीकडे ठेवा. हेडफोन वायरचे, आणि त्यांचे कव्हर बदलता येतील असे.

शेवटचं, प्रत्येक मशीनवर क्यूआर चिकटवा. तो स्कॅन केला की त्याच मशीनचा दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ : आयसोलेटर इथे, हवेचा व्हॉल्व्ह मागे इथे. सामान्य लोटोचा धडा वेगळा, या मशीनचा वेगळा. तुमचा मुलगा नेमका इथे अडकला.

---

शॉपफ्लोअर

मूडलमित्र, बेसिनच्या अलीकडे ही जागा डोक्यातच आली नव्हती, धन्यवाद. ओटीपीचं तर चाचणीतच दिसलं. निम्मी माणसं पहिल्या स्क्रीनपलीकडे गेली नाहीत आणि अहवालात त्यांच्यापुढे "अनुत्सुक" असं लिहून आलं.

---

भांडुपचा_फोरमन

मी निवृत्त आहे. एलबीएस रोडवरच्या कारखान्यांत आयुष्य गेलं. आमच्या वेळी ट्रेनिंग म्हणजे उस्तादाच्या शेजारी उभं राहणं. काही उस्ताद जीव ओतून शिकवायचे, काही मुद्दाम अर्धं सांगायचे. मशीनची सेटिंग करताना पाठ फिरवायचे. तेव्हा जुनं ते सगळं सोनं होतं, असं मी म्हणणार नाही. मुलाच्या हातात व्हिडिओ असेल तर कुणाच्या मर्जीवर त्याचं शिकणं अवलंबून राहणार नाही.

पण व्हिडिओ कुणाचा? मी बघितले ते सगळे टाय लावलेला माणूस कॅमेऱ्यात बघून बोलतोय असे. शॉपफ्लोअर साहेब, तुमच्याकडे निवृत्तीला आलेले जुने ऑपरेटर असतील, त्यांना धरा. त्यांचं तोंड दाखवू नका, हात दाखवा. रोल बदलताना अंगठा कुठे ठेवतात, फिल्मचा ताण बोटाने कसा बघतात, मशीनचा आवाज बदलला की मान कशी वळते. त्यांना कागद वाचायला लावू नका, शेजारी नवा मुलगा उभा करा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. आपोआप बोलतील. पॅनेलवरची बटणं इंग्रजीत असतील तर ती तशीच म्हणू द्या, मुलगा पॅनेलवर तेच शोधणार आहे. आणि त्या माणसाचं नाव शेवटी पडद्यावर येऊ द्या. तीस-तीस वर्षं घालवलेल्या माणसाला तेवढं द्यावं.

अजून एक. मोबाईलवर कोण किती वेळ थांबला, किती वेळा चुकला, हे सगळं वर कळतं म्हणे. ते पगारवाढीला किंवा कंत्राट तोडायला वापरणार नाही, असं कामगारांना लेखी सांगा. युनियन असेल तर आधी तिच्याशी बसा. नाहीतर माणूस चुकायला घाबरेल आणि शेजाऱ्याला विचारून उत्तरं टाकेल.

---

मन_आणि_मेंदू

फोरमन काकांचा शेवटचा परिच्छेद सगळ्या एचआर विभागांत लावावा. चुकण्याची मुभा नसेल तर सरावाच्या प्रश्नांना काही अर्थ राहत नाही.

---

साकीनाका_गाळा

आमचा छोटा कारखाना, पंचवीस-तीस माणसं. मूडल, सर्व्हर आमच्या आवाक्यातलं नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं? मी स्वतः ऑफिसात एक मुलगी सोडली तर कुणाला कॉम्प्युटर शिकवू शकलेलो नाही.

---

मूडलमित्र

तुम्हाला सर्व्हर लागतच नाही. फोनवर काढलेले छोटे व्हिडिओ, एक ग्रुप आणि भिंतीवर एक तक्ता : माणसांची नावं डावीकडे, कामं वर, ज्याने प्रत्यक्ष करून दाखवलं त्याच्या चौकटीत तारीख आणि सही. पुरे. ऑफिसच्या कामासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे बघा, फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत. एका अर्ध्या स्क्रीनवर धडा, दुसऱ्या अर्ध्यावर स्वतः करायचं, अशी पद्धत. आयटीआयच्या ट्रेडचं साहित्य भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर मिळतं. सेफ्टीसाठी शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे आणि सीबीडी बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषद, दोघांकडे प्रशिक्षण कार्यक्रम होतात. एका सुपरवायझरला पाठवा, तो येऊन बाकीच्यांना लाइनवर शिकवेल.

---

मुक्तविद्यार्थी

या सगळ्याला नवं म्हणतायत, पण आपल्या महाराष्ट्रात हे जुनं आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पुस्तकं घरी, आणि अभ्यासकेंद्रावर समोरासमोर तास. मी नोकरी करत तिथूनच पदवीधर झालो. घरचं वाचन एकट्याने होतं, पण टिकून राहिलो ते केंद्रावरच्या मास्तरांमुळे आणि तिथे भेटलेल्या चार जणांमुळे. एमएस-सीआयटीला गेलेल्यांनाही आठवेल, धडा स्क्रीनवर आणि अडलं की शेजारी उभं राहणारं कुणीतरी असायचं. ते शेजारी उभं राहणारं माणूस काढून टाकलं की किती जण अर्ध्यात सोडतात, हे कुठलाही ऑनलाइन कोर्स चालवणारा सांगेल.

---

नियम_आणि_कलमं

पगारी वेळेच्या मुद्द्याला कायद्यात एक चांगला आधार आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १० मध्ये ट्रेडच्या शिकाऊ उमेदवाराने थिअरीच्या वर्गांना दिलेला वेळ त्याच्या पगारी कामाच्या वेळेतच धरावा, असं लिहिलंय. तो नियम ट्रेड ॲप्रेंटिसपुरता आहे, तुमच्या ऑपरेटरना थेट लागू होत नाही. पण तत्त्व स्पष्ट आहे : शिकणं हा कामाचा भाग. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आलं, त्यात कामगाराच्या आरोग्य आणि सुरक्षिततेविषयीच्या प्रशिक्षणाला हक्क म्हटलं होतं. हक्काची गोष्ट माणसाच्या झोपेच्या वेळेत ढकलायची नसते. तुमच्या टिपणात ही दोन्ही कलमं घाला, दुसरं जुन्या कायद्यातलं म्हणून.

आणि कंत्राटी कामगारांचं विसरू नका. त्यांचं ट्रेनिंग कंत्राटदाराने करायचं की कंपनीने, या टोलवाटोलवीत ते कुणीच करत नाही. गेटपास देण्याच्या अटीतच मशीनपाशी करून दाखवल्याची सही घाला.

---

शॉपफ्लोअर

सगळ्यांचे मनापासून आभार. गेटपासची अट तर मी उद्याच सिक्युरिटीशी बोलतो, त्याला कुणाच्या मंजुरीची वाट बघायला नको.

टिपणाचा मसुदा असा करतोय. ट्रेनिंग रूम पूर्ण सोडणार नाही. अर्धी स्टोअरला देऊ, अर्ध्यात जुनं बंद पडलेलं सीलिंग मशीन आणून ठेवू. हवेची लाइन जोडली की त्यावर लोटोचा सराव करता येईल, उत्पादन न थांबवता. थिअरी टॅबवर, बुधवार आणि शुक्रवार, प्रत्येक पाळीच्या मधल्या वेळेत, बदली माणसाचं नाव रोस्टरवर. चाचणी आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा. मशीनवार क्यूआर. सही फक्त मशीनपाशी. चाचणीचे मार्क ट्रेनिंगबाहेर कुठेही वापरणार नाही, हे एचआरच्या सहीने नोटीस बोर्डावर. दोन जुन्या ऑपरेटरशी आजच बोललो. एकजण लगेच तयार झाला. दुसऱ्याने विचारलं, "माझा हात थरथरतो, चालेल का?" मी म्हटलं, चालेल.

खर्चाचा आकडा अजून बसवायचाय. वापरलेले टॅब मुंबईत खात्रीने कुठे मिळतात, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

मूडलमित्र

लॅमिंग्टन रोडला मिळतील, पण बिल आणि वॉरंटी असलेलेच घ्या. सगळे एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर चार्जर आणि कव्हरमध्ये वैतागाल. सुरुवातीला प्रत्येक लाइनला एक आणि वर एक जादा, एवढंच. मॉडेल ठरलं की इथे टाका, मूडलचं ॲप त्यावर नीट चालतं का ते मी बघून देतो.

---

परळची_सिस्टर

थरथरणाऱ्या हातांच्या काकांसाठी कॅमेरा स्टँडवर ठेवा आणि दोन बाजूंनी घ्या, एक समोरून आणि एक त्यांच्या खांद्यावरून. शिकणाऱ्याला खांद्यावरून घेतलेला कोन लागतो, कारण त्याला स्वतःचे हात तसेच दिसणार असतात. इंजेक्शनचे व्हिडिओ आम्ही असेच काढतो.